बांगडी वाढवताना

हात सैल सोड, असं मी प्रत्येकीला सांगते.
अंगठ्याचं मूळ आत दाबायचं,
तळवा पन्हळीसारखा दुमडायचा
आणि तिला बोलण्यात गुंतवून काच सरकवायची.
एकतीस वर्षं कन्नमवार नगरात हेच करतेय.
चेहरे विसरते. मनगटं नाही.

रुचिताचं माप दोन-चार.
लग्नात दोन-चार, मंगळागौरीला दोन-चार.
सातव्यात, सोसायटीच्या हॉलमध्ये,
फुलांचा मुकुट, झाकलेल्या वाट्या, बर्फी की पेढा,
आणि माझ्या मांडीवर तिचा हात.
दोन-सहा अडकली.
दोन-आठही अंगठ्याच्या हाडाशी थांबली.

अंगावर आलंय, कोणी म्हणालं.
कुमुदताई, तिच्या सासूबाई, म्हणाल्या,
सूज येतेच. आम्हाला नाही का आली?

मी अंगठा दाबला, उचलला.
खळगा तसाच राहिला,
कणकेच्या दिव्यात राहतो तसा.
मनात वीस मोजले.

डोकं दुखतं का गं?
परवापासून, ती ओठातल्या ओठात म्हणाली.
आणि डोळ्यांपुढे काजवे.
जन्मापासून विक्रोळीत वाढलेली पोर,
खरा काजवा कधी पाहिलाय तिने?
उजव्या बरगडीखाली आवळत होतं,
त्याला पित्त समजून ती सोडा पीत होती.

एकीला मी साबण लावून भरल्या होत्या.
बारा वर्षं झाली.
चौथ्या दिवशी तिला आकडी आली.
पुढचं सांगत नाही.

मी पेटी मिटली. आज भरणार नाही, म्हटलं.
हॉल गप्प.
ओटीच्या दिवशी कासारीण उठून जाते म्हणजे काय!
कुमुदताईंच्या नजरेचा दाब
यंत्राला मोजता आला नसता.

रिक्षात ती मुकुटासकटच बसली.
पालिकेच्या दवाखान्यात नर्सने पट्टा गुंडाळला, सोडला,
परत गुंडाळला.
एकशे सत्तर. खाली एकशे बारा.
लघवीत बुडवलेली पिवळी पट्टी
बघता बघता हिरवी झाली.
त्या दिवशीचा तेवढाच हिरवा तिच्या वाट्याला.

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढवली म्हणतात.
अशुभाच्या तोंडात साखर, आई म्हणायची.
त्या रात्री सायनच्या वॉर्डात तो शब्द
मी जिथे तिथे ऐकला.
दाब वाढलाय.
बाळ वाढत नाहीये.
मावशी, त्या जुन्या दोन वाढवा पटकन, सुई लावायचीय.
मी रुमाल घातला खाली,
वाढवल्या.
माझ्याच हातच्या, पाचव्या महिन्यातल्या.

डॉक्टरीण माझ्या नातीएवढी.
म्हणाली, वार नीट रुजली नाही की असं होतं,
आईच्या नळ्या आवळतात, बाळाला रक्त पुरत नाही.
कुमुदताईंनी विचारलं, ग्रहणात भाजी चिरली होती, त्याने?
नाही.
दृष्टीने?
नाही, आजी. कुणाच्याच चुकीने नाही.
आकडी येऊ नये म्हणून इंजेक्शन देतोय.
खरा उपाय बाळ बाहेर काढणं.
आणि नंतरही सहा आठवडे दाब तपासायचा,
बाळ आलं म्हणजे संपलं, असं समजू नका.

कुमुदताई जिन्यात बसल्या.
बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
माझेही हात असेच झाले होते. पहिल्या वेळी.
मुलगी होती.
घरात कोणी विचारलं नाही, मीही नाही.
मी त्यांचं मनगट हातात घेतलं.
माप घ्यायची सवय.
दोन-सहा.

मुलगी झाली रुचिताला. एक किलो तीनशे.
काचेच्या पेटीत पस्तीस दिवस.

काल दोघी आल्या दुकानात, तिघी म्हणायला हवं.
रुचिताच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी,
दाबाचे आकडे लिहिलेली वही.
बाळासाठी मनगट्या हव्या होत्या.
सगळ्यात लहान काढल्या, चार मणी कमी केले,
तरी सैल.

राहू देत, कुमुदताई म्हणाल्या,
वाढेल.